विस्मरणाचे माप कोणाच्या भाषेत?

स्मरणिका हे स्मरणाचे पुस्तक. तिच्या पानांवर विस्मरणाविषयी लिहिणे काहींना विसंगत वाटेल. परंतु पेण व रोहा तालुक्यांतील मुलांवर शाळेत जे शेरे मारले जातात, त्यांचा विचार करता हा विषय आम्हांस अगत्याचा वाटतो.

दाराला कुलूप लावले की नाही हे न आठवणे, आतल्या खोलीत गेल्यावर कशासाठी आलो हेच विसरणे, जळकी काडी खिशात घालून काड्यापेटी फेकून देणे, असे प्रसंग प्रत्येकाच्या आयुष्यात येतात. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्रॉडबेंट व त्यांचे सहकारी कूपर, फिट्झगेराल्ड आणि पार्क्स यांनी १९८२ साली अशा प्रसंगांवर २५ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या सहा महिन्यांत असे किती वेळा घडले, हे उत्तर देणाऱ्याने ‘कधीच नाही’ पासून ‘फार वेळा’ पर्यंतच्या पाच पर्यायांतून सांगावयाचे असते. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ० ते १००. ही रोग ओळखण्याची चाचणी नव्हे. ज्याच्या हातून अशा चुका अधिक होतात, तो ताणाच्या काळात अधिक लवकर कोलमडण्याची शक्यता असते, असे या संशोधकांचे प्रतिपादन होते.

पुढे ही प्रश्नावली अनेक भाषांत गेली, चिनी भाषेतही गेली. कोणतीही प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना केवळ भाषांतर करून भागत नाही. भाषांतर झाल्यावर, मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून ते पुन्हा मूळ भाषेत आणून अर्थ ढळला का ते पाहिले जाते. मग ती लोकांकडून भरून घेतात आणि काही आठवड्यांनी त्याच लोकांकडून पुन्हा भरून घेतात. उत्तरे स्थिर राहतात का, एकाच गोष्टीविषयीचे प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे तपासले जाते. या कसोटीनंतरच गुणांच्या बेरजेला अर्थ येतो.

मनाविषयीचे शब्द चिनी भाषेत नेताना अशी दक्षता घेण्याची परंपरा जुनी आहे. आरंभी बौद्ध संकल्पनांसाठी ताओ परंपरेतील ओळखीचे शब्द वापरले गेले आणि अर्थ निसटू लागला. पुढे कुमारजीव आणि, सातव्या शतकात महाराष्ट्रातही येऊन गेलेले, युआन श्वांग यांनी अनेक विद्वानांना एकत्र बसवून शब्दन् शब्द पारखून घेतला. पालीतील ‘सति’ या शब्दात स्मरण आणि जागरूकता हे दोन्ही अर्थ आहेत. त्यासाठी रूढ झालेल्या चिनी अक्षराच्या वरच्या भागाचा अर्थ ‘आता’ आणि खालच्या भागाचा अर्थ ‘हृदय’ असा आहे.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी रूपांतर केले आणि १९४० साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांची स्मृती तपासण्यासाठी एक पाश्चात्त्य चाचणी हिंदीत आणली गेली, तेव्हा ‘वाचा आणि तसे करा’ या सूचनेच्या जागी ‘मी करतो तसे करा’ अशी सूचना आली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी पाच भारतीय भाषांत चाचण्यांचा संच सिद्ध केला. तो २०२० मध्ये विद्वानांसमोर आला, तेव्हा मराठी त्या पाचांत नव्हती.

आता ब्रॉडबेंट यांची प्रश्नावली जशीच्या तशी पेणच्या एखाद्या वाडीवर नेल्यास काय होईल? सुपरमार्केटमध्ये समोर असलेली वस्तू दिसत नाही का, असे ती विचारते. आपल्या वाडीवर किराणा दुकानदारच वस्तू काढून देतो. रस्त्यावरील पाट्या नजरेतून सुटतात का, असे विचारते. ज्या आईला अक्षरओळखच नाही, तिने काय सांगावे? ती ‘कधीच नाही’ म्हणेल, तिला शून्य गुण मिळतील आणि तिचे मन निर्वेध असल्याचा खोटा निष्कर्ष निघेल. हंगामात वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला ‘गेले सहा महिने’ यापेक्षा ‘पावसाळा संपल्यापासून’ हे माप कळते. उलट, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा पेणचा कारागीर किंवा धाटावच्या रासायनिक कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार यांच्या अवधानाची खरी कसोटी ज्या क्षणी लागते, त्या क्षणाविषयी या प्रश्नावलीत एकही प्रश्न नाही.

शब्दांचाही प्रश्न आहे. प्राध्यापक छत्री विसरले तर आपण त्यांना कौतुकाने ‘विसरभोळे’ म्हणतो. वसतिगृहातील मुलगा वही विसरला तर तो ‘बेपर्वा’, मुलगी विसरली तर ‘वेंधळी’. चूक एकच, परंतु निवाडा माणूस पाहून केलेला. खरे तर मराठीत ‘नजरचूक’ आणि ‘अनवधान’ हे दोषारोप न करणारे शब्द आहेत. प्रश्नावलीत तेच असावेत. ज्या मुलाला आधीच चार नावे ठेवली गेली आहेत, तो शेरेवजा शब्दांच्या प्रश्नाला खरे उत्तर देणार नाही.

मुलांना पोटभर अन्न, पुरेशी झोप आणि पुरेसे शिक्षक हवेत, कागदी प्रश्न काय कामाचे, असे कोणी म्हणेल. पहिल्या तिन्ही गोष्टी आधी हव्यात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु एखाद्या मुलाचे लक्ष लागत नाही ते अपुऱ्या झोपेने, घरच्या काळजीने की शाळेची भाषा परकी असल्याने, हे न तपासता त्याला ‘मंद’ ठरवले जाते. तो शिक्का आयुष्यभर पुसला जात नाही. न पारखलेली प्रश्नावली त्याच शिक्क्याला शास्त्राचे नाव देईल.

म्हणून आमची सूचना अशी. मूळ प्रश्नावली प्रौढांसाठी आहे, तेव्हा आरंभ आपण मोठ्यांनीच करावा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे मानसशास्त्र, वैद्यक वा अध्यापन क्षेत्रांत आहेत, त्यांनी आवश्यक ती परवानगी घेऊन या प्रश्नावलीची मराठी आवृत्ती सिद्ध करावी. ती पालकांपुढे नेऊन प्रत्येक प्रश्नाचा त्यांना काय अर्थ लागला, हे आधी विचारावे. जेथे प्रश्न अडेल तेथे प्रश्न बदलावा, माणसाला दोष देऊ नये. उत्तरे गुप्त राहावीत आणि कोणाच्याही प्रवेशाशी वा निकालाशी त्यांचा संबंध नसावा. मुलांसाठीचे प्रश्न त्यानंतर, मुलांशीच बोलून तयार करावेत. तोवर ‘बेपर्वा’ हा शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी त्या मुलाला एकच प्रश्न विचारावा: काल रात्री नीट झोप लागली का?