थकवा कानाचा, दोष हॉलचा

दसऱ्याला नवी साउंड सिस्टीम घरी येते. पहिले दोन दिवस शेजाऱ्यांना बोलावून तिचा खणखणीतपणा ऐकवला जातो. आठवड्याभरात मात्र अर्ध्या-पाऊण तासातच डोकं जड होऊ लागतं. आजी म्हणते, ‘जरा हळू करा रे.’ ‘तुला सवय नाही,’ म्हणून तिला गप्प बसवलं जातं. माझं म्हणणं असं, की आजीचंच बरोबर असतं.

आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब. या लांबीमुळेच ३,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज तिच्यातून जाताना आपोआप वाढतात. कर्कशपणा झोंबतो तो याच भागात. त्यात दुकानात पटकन नजरेत, म्हणजे कानात, भरावं म्हणून काही यंत्रांत वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम उचललेला असतो. दहा मिनिटं तो छान वाटतो. दोन तास नाही.

पण यंत्रापेक्षा मोठा गुन्हेगार आपला हॉल आहे. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात सतरंज्या, गाद्या, दोरीवरचे कपडे असा पसारा असे आणि आवाज त्यात जिरे. आता सिडको असो की गंगापूर रोड, हॉल म्हणजे चकचकीत फरशी, गुळगुळीत भिंती, काचेची सरकती दारं. अशी फरशी आवाजाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग शोषते, बाकी सगळा परत फेकते. मग संवादाचा प्रत्येक शब्द थेट येतो आणि पाठोपाठ त्याचे पडसादही येतात. त्यांतून मूळ शब्द वेचून काढण्याचं काम मेंदू करत राहतो. थकवा तो हाच. शब्द कळत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो. पण त्याबरोबर पडसादही तितकेच वाढतात. दमणूक वाढते, कळत काहीच नाही.

‘आपण नाशिक ढोलवाले, एवढ्यानं काय होतंय?’ असं कुणी म्हणेल. ढोलही कानाला निरुपद्रवी नाही, पण मिरवणूक पुढे निघून जाते. घरातला आवाज रोज तीन तास बसून असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतं, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. थकवा आला म्हणजे कान बिघडलाच असं नव्हे. कमी आवाजातही तो येतो. मात्र यंत्र बंद केल्यावर कानात शीळ वाजत असेल, दडे बसल्यासारखं वाटत असेल, तर ती आतल्या कानाची तक्रार आहे. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी.

एरवी महागडं मॉडेल आणण्याआधी हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवून पाहा. ती झणझणत राहिली तर पैसे सतरंजीवर घाला. स्पीकर आणि सोफा यांच्यामधली फरशी झाका, काचेवर जाड, भरपूर चुण्यांचा पडदा लावा, पुस्तकांचं कपाट बेडरूममधून बाहेर आणा. स्पीकर कोपऱ्यातून थोडा पुढे ओढला की घुमणंही कमी होतं. सेटिंगमध्ये ट्रेबल दोन घरं खाली घ्या.

आवाज किती ठेवायचा, ते मग आजीला विचारून ठरवा.