समाधान कोणाचे : ठेवीदाराचे की कर्जदाराचे?

पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांमध्ये एक वाक्य हटकून ऐकू येते : सभासद संस्थेच्या कारभारावर समाधानी आहेत. पुरावा म्हणून लाभांशाचा दर सांगितला जातो, टाळ्या पडतात आणि मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात. घरासाठी कर्ज मागावयास आलेल्या सभासदाचे पुढे काय झाले, हे इतिवृत्तात सहसा सापडत नाही.

लाभांश हेच समाधानाचे माप मानण्यात मूळ घोटाळा आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने लाभांशावर १५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. पतसंस्थेचा नफा आकाशातून पडत नाही. तो मुख्यतः कर्जदार सभासदाने भरलेल्या व्याजातून येतो. ज्याचे घर झाले, मुले मार्गी लागली, त्या ज्येष्ठ सभासदाला लाभांश अधिक हवा असतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नव्या कारकुनाला व्याज कमी हवे असते. सभेत आवाज बहुधा पहिल्याचाच मोठा.

दुसरी अडचण निधीच्या स्वरूपाची. सभासदांची मासिक वर्गणी, भाग आणि ठेवी हे संस्थेचे भांडवल. सभासद निवृत्त झाला की त्याची रक्कम परत करावी लागते. अशा निधीतून वीस वर्षांचे कर्ज द्यावयाचे कसे? म्हणून रक्कम पगाराच्या पटीत बांधलेली, सहकाऱ्यांचे जामीन घेतलेले आणि मुदत आखूड. एवढ्यात घराची डागडुजी होते, घर होत नाही. याबद्दल संचालकांना दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र अशा कर्जाला ‘गृहकर्ज’ म्हणून अपेक्षा वाढविणेही बरे नव्हे.

संस्थेची खरी जागा अन्यत्र आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर ९० टक्के रक्कम देऊ शकते. ७५ लाखांवरील कर्जात ७५ टक्केच. शिवाय किंमत १० लाखांहून अधिक असल्यास मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या हिशेबात धरता येत नाही. उरलेली रक्कम आणावयाची कोठून? पत्नीचे दागिने, सासऱ्यांची ठेव, नाही तर सावकार! ही खिंड पतसंस्थेने लढवावी.

अर्थात, एका पगारावर दोन हप्ते येतात, हे विसरून चालणार नाही. संस्थेचा हप्ता पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो, बँकेचा त्यानंतर. आणि घराचा ताबा मिळेपर्यंत जुन्या खोलीचे भाडे चालूच. म्हणून ताबा मिळेपर्यंत संस्थेने केवळ व्याज घ्यावे आणि त्यापायी लाभांश थोडा उतरला तर उतरू द्यावा. पुढील अहवालात लाभांशाच्या शेजारी आणखी तीन आकडे छापावेत : घरासाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, आणि मंजूर रक्कम मागणीच्या किती टक्के होती. समाधानाची चर्चा मग त्या आकड्यांवर करू.