फ्लॅट नंबर चुकतो तेव्हा...

‘काही नाही यार, अ‍ॅसिडिटी आहे!’ आपल्या पिढीचं हे राष्ट्रीय वाक्य. डेडलाइन, रात्री अकराला पावभाजी, वर दोन कटिंग... छातीत जळजळणारच की! बहुतेक वेळा ती खरंच अ‍ॅसिडिटी असते. लोचा होतो तो उरलेल्या वेळी.

माझा एक मित्र लोणी काळभोरला राहतो. हडपसर सोडून सोलापूर रोडला लागलं की एमआयटीचा कॅम्पस आणि एचपीसीएलचं टर्मिनल असलेलं हेच ते गाव. मुंबईहून इंधनाची पाइपलाइन इथं येते आणि पुढे सोलापूरकडे जाते. त्याला मी म्हटलं, अन्ननलिकाही तुझ्या गावच्या पाइपलाइनसारखीच. माल दुसऱ्याचा, वाट भलत्याच्या दारावरून!

साधारण २५ सेंटिमीटरची ही नळी घशातून निघते, श्वासनलिकेच्या मागून छातीत उतरते, हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला पाठीमागून खेटून जाते आणि श्वासपटलातल्या फटीतून खाली जठराला मिळते. इतकी खेटून, की हृदय बारकाईनं पाहायचं असेल तर डॉक्टर कधीकधी अन्ननलिकेत प्रोब सोडून तिथूनच इको काढतात. बाकी सहाएक मीटर लहान आतडं आणि दीड मीटर मोठं आतडं मुकाट तळमजल्यावर.

जठराच्या तोंडाशी स्नायूंचा एक व्हॉल्व्ह असतो. तो सैल पडला की आम्ल उलटं वर चढतं. जठराला आतून आम्ल झेलणारं अस्तर असतं, अन्ननलिकेला तसं नसतं. म्हणून माल पोटातला आणि आग छातीत!

खरी गोची आहे वायरिंगची. हृदय आणि अन्ननलिका, दोघांच्या वेदनेच्या तारा मज्जारज्जूत जवळपास एकाच मजल्यावर पोचतात. ‘छातीत दुखतंय’ एवढं मेंदूला कळतं, पण फ्लॅट नंबर कळत नाही. त्यामुळे ‘गोळी चघळली, बरं वाटलं, म्हणजे हार्ट नव्हतं’ हा हिशेब साफ चुकीचा. डॉक्टरही नुसतं ऐकून ठरवत नाहीत; ईसीजी काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी गरज वाटल्यास पुन्हा काढतात.

मग आपण काय करायचं? जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, अर्धी अ‍ॅसिडिटी तिथंच कमी होईल. पण छातीवर दाब आल्यासारखं वाटलं, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत गेली, दरदरून घाम फुटला, धाप लागली, तर गुगल करत बसू नका. बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये कधी नुसती मळमळ नि थकवाच दिसतो, तेही लक्षात असू द्या.

अशा वेळी स्वतः बाइक काढून हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये घुसायचं नाही. राज्यात २०१४ पासून १०८ची मोफत अँब्युलन्स आहे. फोन लावा. शेवटी ती अ‍ॅसिडिटीच निघाली तर काय होईल? मित्र आठवडाभर टेर खेचतील. खेचू द्या की!