दुनळी घेताना आधी नळीत डोकवा

रानडुकरांनी रात्रीत भुईमूग उकरला की सकाळी पारावर बंदुकीचा विषय निघतोच. कोणाचा तरी परवाना नुकताच मंजूर झालेला असतो. नवी बंदूक परवडत नाही, म्हणून शेजारच्या गावातली जुनी दुनळी बघायला चार माणसे निघतात. दस्त्याला पॉलिश केलेले असते, नळीवर विलायती नाव असते, आणि "आजोबांनी हिनेच वाघ पाडला होता" ही गोष्ट चहाबरोबर फुकट मिळते. एवढ्यावर सौदा ठरतो. बैल घेताना दात मोजणारा, चार पावले चालवून बघणारा आमचा शेतकरी बंदूक घेताना नळीत डोकावूनही बघत नाही, याचे नवल वाटते.

बैल फसवा निघाला तर पैसे जातात. बंदूक फसवी निघाली तर हात जातो. बार काढताना डावा पंजा नळीखालीच असतो, हे विसरू नये.

सुरुवात कागदांपासून करावी. विकणाऱ्याचा परवाना चालू आहे का आणि त्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळतो का, हे स्वतः वाचावे. क्रमांक घासलेला किंवा पुसलेला असेल तर उठून घरी यावे. बनवणाऱ्याचे नाव किंवा क्रमांक नसलेले शस्त्र विकणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. मूळ मालक वारला असेल आणि बंदूक नुसतीच माळ्यावर पडून असेल, तर ती आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली पाहिजे. वारसाने ती परस्पर विकायची नसते. खासगी विक्रीची लेखी खबर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला देऊन ४५ दिवस थांबावे लागते. लोक या ४५ दिवसांवर चरफडतात. आम्ही म्हणतो, ते तपासणीसाठी मिळाले असे समजा आणि जाणकाराने पास केली तरच पैसे, असा शब्द आधीच घ्या.

आता बंदूक. प्रथम ती रिकामी असल्याची खात्री करावी. नळ्या सोडवून उजेडाकडे धराव्यात आणि आतून बघाव्यात. आत सावलीची कडी एकसारखी दिसली पाहिजेत. एखादे कडे वाकडे दिसले तर तिथे पोचा आहे. गोल काळी रेघ दिसली तर नळी फुगलेली आहे. कधीतरी तोंडात चिखल किंवा चिंधी अडकलेली असताना बार काढल्याची ती खूण. गंजाचे खड्डे खोल असतील तर पत्रा तिथे पातळ झालेला असतो. मग नळ्या टांगत्या धरून बोटाच्या पेराने टिचकी मारावी. माठ घेताना मारतो तशीच. खणखणीत नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधले झाळकाम सुटलेले असण्याचा संभव आहे.

नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर भुलू नका. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली ही जुनी नळी काळ्या दारूच्या जमान्यातली आहे. आजच्या काडतुसातली दारू निराळी आणि जोरकस. अशी बंदूक भिंतीवरच बरी. काही वेळा वरून काळा रंग चढवून ही नक्षी झाकलेली असते, तेही बघावे.

काडतुसाची लांबी हा तर सगळ्यात फसवा भाग. पुष्कळ जुन्या विलायती बाराबोरांची कोठी ६५ मिलिमीटरची, म्हणजे अडीच इंची आहे. आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस तिच्यात गुमान बसते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण बार उडाला की काडतुसाचे दुमडलेले तोंड उलगडते, त्याला पुढे जागा उरत नाही आणि दाब वाढतो. कोठी मापून घ्यावी आणि खोक्यावरची लांबी वाचूनच काडतूस घ्यावे.

शेवटी बंदूक बंद करून दस्ता धरून हलवावी. सांध्यात खडखड नको, फटीतून उजेड नको. मनगटाशी दस्ता तडकलेला नको. नळ्या करवतीने आखूड केलेल्या असतील तर हातसुद्धा लावू नये. विनापरवाना नळी कापणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

हे झाले घेणाऱ्याचे. सरकारलाही दोन शब्द. आमच्या पाहण्यात नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक जुळवतात, नळीत कोणी बघत नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याच्या अनेक बंदुका ठाण्यात जमा होतात आणि ओळीने उभ्या राहतात. त्याच दिवसांत जिल्ह्याच्या पोलीस आर्मोररला तालुक्याला एकेक दिवस पाठवले, तर धोक्याची प्रत्येक नळी चिठ्ठी लावून बाजूला काढता येईल. नवा खर्च फारसा नाही. पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी ही मागणी लेखी लावून धरावी.

आणि एक. हातात परवाना आला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली, असे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी वेगळी लागते. पीक राखायचे आहेच, पण ते राखणारे हातही शाबूत राहिले पाहिजेत.