पहारा आणि शुश्रूषा

येरवड्यासारख्या प्रादेशिक मनोरुग्णालयात केवळ नातेवाइकांनी आणून सोडलेले रुग्ण असतात, हा समज अपुरा आहे. न्यायालयाच्या आदेशाने येणारे कच्चे कैदी आणि तुरुंगातून उपचारासाठी पाठविलेले बंदी हेही तेथलेच रुग्ण होत. कायदा त्यांच्याकडे आरोपी म्हणून पाहतो, वैद्यक रुग्ण म्हणून. या दोन दृष्टींचा मेळ प्रत्यक्षात घालावा लागतो तो मात्र परिचारिकेला.

सर्वसाधारण रुग्णालयातून बदलून आलेल्या परिचारिकेला हा पालट सोपा नसतो. तेथील रुग्ण बहुधा स्वेच्छेने येतो व बरा होताच घरी जातो. येथील रुग्णाला बरे वाटले तरी न्यायालयाच्या आदेशावाचून जाता येत नाही. दाराशी पोलीस पहारा असतो. कात्री-सुई मोजून ठेवायची आणि त्याच हातांनी रुग्णाचा विश्वासही मिळवायचा. त्याच्यावरील आरोप ठाऊक असूनही त्याच्याशी समभावाने वागायचे. हे केवळ सेवाभावाच्या बळावर साधेल असे मानणे म्हणजे शासनाने आपली जबाबदारी तिच्या स्वभावावर ढकलणे होय.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला एकांतात कोंडण्यास बंदी घातली. इजा टाळण्याचा दुसरा उपायच नसेल तेव्हाच, आणि प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने, त्याला जखडता येते. तरतूद स्तुत्य आहे. परंतु रात्रपाळीत ती पाळावी लागते ती परिचारिकेला. प्रक्षुब्ध माणसाला शब्दांनी शांत करणे हे कौशल्य आहे. ते परिपत्रकाने येत नाही. त्याच कायद्याच्या व्याख्येनुसार सर्वसाधारण परिचर्येची पदविका असलेली व्यक्तीही मानसिक आरोग्य परिचारिका ठरते. म्हणजे कागदावर जागा भरते, कौशल्याची उणीव तशीच राहते.

ही उणीव केवळ परिचारिकेलाच भोवते असे नाही. डॉक्टर फेरीपुरते येतात; रुग्णाची झोप, आहार, बोलणे दिवसरात्र पाहते ती परिचारिका. तिच्या नोंदींचा आधार वैद्यकीय मताला असतो आणि आरोपी खटल्याला सामोरे जाण्यास समर्थ आहे की नाही, हे ठरविताना न्यायालय ते मत विचारात घेते. आसामातील माचांग लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले. १९६७ मध्ये तेजपूरच्या मनोरुग्णालयाने ते बरे असल्याचे कळविले, तरी त्यांची रवानगी गुवाहाटीच्या तुरुंगात झाली. सुटका झाली ती २००५ मध्ये. स्पष्ट मत हाती असताना हे घडले. अपुऱ्या नोंदींमुळे मतच लांबले, तर आरोपीने कोणाकडे पाहावे?

प्रशिक्षणाचा खर्च आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात दिसतो. रेंगाळलेले खटले, लांबलेला पहारा, अडकलेल्या खाटा यांचा बोजा मात्र अनेक खात्यांत विखुरल्याने कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. काटकसर वाटते ती वस्तुतः उधळपट्टी आहे.

यास्तव अनुभवी सिस्टरच्या हाताखाली काही आठवडे काम केल्यावाचून कोणाही परिचारिकेवर अशा कक्षाचा भार टाकू नये. प्रक्षोभ हाताळण्याचे व नोंदी ठेवण्याचे रीतसर शिक्षण तिला द्यावे. हल्ल्याचा प्रसंग आल्यास खुलासा मागण्यापूर्वी तिला विश्रांती व आधार मिळावा. मानसिक आरोग्यसेवेतील मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्यासाठी कायद्याने दिलेली दहा वर्षांची मुदत २०२८ मध्ये संपते. केवळ पदे मोजून ती पाळल्याचे समाधान शासनाने मानू नये.