तबल्याचे किती मिळतात?

निवृत्त शिक्षकाच्या घरी पालक अजूनही येतात. नात्यातल्या वैद्याला रस्त्यात गाठून नाडी दाखवावी, तसे. दोन-तीन वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आठवीतल्या मुलीला घेऊन आले. चहा झाला, पावसापाण्याचे झाले आणि त्यांनी खिशातून छोटी वही काढली. ‘‘सर, दहावीला तबल्याचे किती मिळतात?’’ प्रश्न समजायला मला क्षणभर लागला. वहीत उभ्या रेघा मारून त्यांनी रकाने पाडले होते : चित्रकला, तबला, खेळ. कुठल्या वाटेने किती गुण आणि त्यासाठी किती वर्षे, असा तो हिशेब होता. मुलगी शेजारी बसली होती. तिची बोटे खुर्चीच्या हातावर काहीतरी वाजवत होती.

त्या गृहस्थांना हसण्यात अर्थ नाही. हिशेब त्यांनी शोधून काढलेला नाही, सरकारने त्यांच्या हातात दिला आहे. खेळाडूंना सवलतीचे गुण महाराष्ट्रात आधीपासून होते. पुढे शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांनाही दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याचे ठरले. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली तर ७, ‘ब’ला ५ आणि ‘क’ला ३ गुण. त्यात २०१० पासून सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची टक्केवारी धरायची पद्धत आली. हे सारे एकत्र आले आणि २०२० साली राज्यात दहावीला शंभर टक्के गुण मिळवणारे २४२ विद्यार्थी निघाले. ज्या काळात ऐंशी टक्केवाल्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून येई त्या काळातल्या माणसाला हा आकडा पचवायला वेळ लागतो. पण ज्याला अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत उभे राहायचे आहे, त्याला सात गुण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

आता एक कबुली देतो. हे गुण द्यावेत म्हणून मी स्वतः तावातावाने बोललेलो आहे. शिक्षकांच्या बैठकांत, मुख्याध्यापकांच्या खोलीत, सापडेल तिथे. कारण तेव्हाचे भांडण वेगळे होते. या गोष्टींना आम्ही ‘अवांतर’ म्हणत असू. सरकारी कागदावर ‘सहशालेय उपक्रम’ असे भारदस्त नाव असे, पण पालकांच्या मनात ते ‘अवांतर’च, म्हणजे मूळ मुद्दा सोडून केलेले. स्नेहसंमेलनाच्या नाटकात घेतलेला मुलगा चाचणीत नापास झाला की त्याचे वडील शाळेत येऊन विचारत, ‘‘हे नाटक त्याला पोटाला घालणार आहे का?’’ उत्तर आमच्याकडे नसे. मग आम्हाला वाटले, गुण मिळाले की हा प्रश्नच मिटेल. चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत मान मिळेल, खो-खोच्या सरावाला मुली घरून सुटतील. प्रश्न खरोखरच मिटला. तो असा मिटेल हे मात्र आमच्या ध्यानात आले नाही.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत ‘स्मरणचित्र’ नावाचा एक भाग असतो. बाजार, बसथांबा, फुगेवाला असा एखादा विषय देतात आणि मुलाने आपण पाहिलेले आठवून काढायचे असते. कल्पना किती चांगली आहे पाहा : डोळे उघडे ठेवून हिंडलेल्या मुलाची ही परीक्षा. अलीकडे एका ओळखीच्या कलाशिक्षकांकडे मुलांच्या सरावाची चित्रे पाहत बसलो होतो. प्रत्येक बाजारात डाव्या कोपऱ्यात टोपलीवाली, मध्ये पाठमोरी बाई, उजवीकडे झाड. मी विचारले, हे सगळे एकाच बाजारात गेले होते का? ते म्हणाले, एकाच क्लासमध्ये गेले होते. ही तीन माणसे पक्की करून ठेवायची. विषय बसथांब्याचा आला तर टोपली काढून हातात पिशवी द्यायची. म्हणजे स्मरण आहे, चित्र आहे, फक्त पाहणे गेले. यात त्या क्लासवाल्याचा दोष किती धरायचा? इतिहासाची उत्तरे आपण याच पद्धतीने पाठ करून घेत आलो आणि तिला अभ्यास म्हणत आलो. अवांतराला गुण देऊन त्याला अभ्यासाची प्रतिष्ठा मिळवून द्यायची होती. त्याला अभ्यासाचा रोग लागला.

वास्तविक या गोष्टींचे मोल त्या गुणांबाहेर होत्या यातच होते. नववीत दोनदा बसलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. गणिताच्या तासाला तो जवळजवळ अदृश्य असे. संमेलनात पडदा ओढण्याचे काम त्याला दिले, कारण दुसरे काय द्यावे सुचेना. तालमीच्या तिसऱ्या दिवशी त्याने येऊन सांगितले की दुसऱ्या अंकातला पडदा चुकीच्या वाक्यावर पडतो, आधीच्या वाक्यावर पाडला तर लोक जास्त हसतील. बरोबर होते ते. त्यानंतर त्याला गणित येऊ लागले, असे सांगून मी ही गोष्ट गोड करणार नाही. गणित त्याला शेवटपर्यंत आले नाही. पण आपल्याला काही कळते, आपण सांगितलेले दुसरे ऐकतात, हे त्याला आणि आम्हालाही त्या महिन्यात पहिल्यांदा समजले. याचे गुण किती द्यावेत? तीन? सात?

आणि गुणांबाहेरचे म्हणजे सोपे, असाही समज नको. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. जब्बार पटेल, मोहन आगाशे यांच्यासारखे वैद्यकीचे विद्यार्थी त्या रंगमंचावरून गेले आणि पुढे डॉक्टरही झाले. २०२२ साली त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी एकाही संघाला करंडक न देण्याचा निर्णय केला. केवढा गहजब झाला! निर्णय चूक की बरोबर, यात मी पडत नाही. पण ‘यंदा कोणीच नाही’ असे तोंडावर सांगण्याची ताकद आपल्या परीक्षा मंडळाच्या हातून कधीच गेली आहे. पडण्याची, हरण्याची, पुढच्या वर्षी पुन्हा येण्याची सवय मुलाला जिथे लागते, ती जागा त्याच्या प्रगतिपुस्तकापासून लांब असलेलीच बरी.

येथे सचिन तेंडुलकरचे नाव निघते. निघतेच. पण १९८८ साली आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली तेव्हा चेंडूमागे धावणारी दुसऱ्या शाळेची अकरा मुलेही मैदानात होती. शाळेतला खेळ हा त्या अकरांसाठी असतो. दोघांच्या उदाहरणावरून ‘अभ्यास सोडा, खेळा’ म्हणणारा आणि अकरांकडे बोट दाखवून ‘खेळ सोडा, अभ्यास करा’ म्हणणारा, दोघेही बाजारभावच बोलत असतात. अभ्यासाला पर्याय नाही. गरिबाच्या मुलाला तर मुळीच नाही. प्रश्न आहे तो त्याला दुसरे काही मिळते का, याचा.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबा जाधवांजवळ पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. खर्डेकरांच्या निकालाची टक्केवारी त्याने वाढणार नव्हती. प्रत्येक शिक्षकाने घर गहाण टाकावे, असे कोण म्हणेल? पण कुस्तीची किंमत तेव्हा संस्थेच्या माणसाने आपल्या पदरातून मोजली. आज ती मोजतो पालक. क्लासच्या फीच्या रूपाने, ऐपत असेल तर.

खरे दुखणे तिथे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे लिहिले आहे आणि सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे निदेशक असावेत असेही. तेही अर्धवेळ! वाचकांनी आपल्या जवळच्या शाळेत जाऊन हे निदेशक शोधावेत. मिळाले तर त्यांना त्यांचा मेहनताना वेळेवर मिळतो का, एवढे विचारावे. पी.टी.चा तास वेळापत्रकात असतो. पोर्शन राहिला की तो गणिताला जातो. म्हणजे शिकवायला माणूस नाही, तास नाही, मैदानात गाड्या उभ्या आहेत, आणि जे शाळेने शिकवलेच नाही त्याचे गुण मात्र शाळेच्या परीक्षेत. ते कोणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या गावात तबल्याचा क्लासच नाही, त्या गावच्या मुलीची गुणपत्रिका आपोआप तेवढी हलकी.

म्हणून माझी जुनी मागणी मी मागे घेतो. गुण काढून घ्या. स्पर्धेमुळे ज्या खेळाडूचा पेपर बुडाला, त्याची परीक्षा पुन्हा घ्या. तो त्याचा हक्क आहे, त्याला मेहेरबानीचे गुण नकोत. आणि त्या गुणांच्या बदल्यात आठवड्याचे चार तास द्या, जे कुठल्याही विषयाच्या शिक्षकाला मागता येणार नाहीत, आणि ते तास घेणारा पूर्ण पगाराचा माणूस द्या. पालक रागावतील. पहिली दोन-तीन वर्षे क्लास ओस पडतील आणि ‘बघा, गुण नव्हते तर कोणी येत नाही’ असे म्हटले जाईल. ते सोसावे लागेल.

त्या गृहस्थांना मी माहिती होती ती सांगितली. त्यांनी ती रकान्यात नीट उतरवून घेतली. उठता उठता विचारले, ‘‘पण अकरावी-बारावीला तबल्याचे काही नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘मग दहावीपर्यंतच ठेवू,’’ ते म्हणाले आणि वही मिटून त्यांनी खिशात घातली. मुलीची बोटे थांबली होती.