धन्य कोण?
बंगला, गाडी, शिकलेली मुले पाहून आपण म्हणतो, 'भाग्यवान आहेत!' बायबलमध्ये मत्तयाच्या पाचव्या अध्यायात मात्र येशू ख्रिस्ताने दीनांना, शोक करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. जगाच्या हिशेबाच्या हे अगदी उलट!

पंडिता रमाबाईंनी हा उलटा हिशेब खरा मानला. १८८२ साली त्या स्वतः विधवा झाल्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी अनेक निराधार विधवांना आणि मुलींना पुण्याजवळील केडगावी आणले. ज्यांचे दर्शनही लोक अपशकुन मानत, अशा स्त्रिया तेथे छापखान्याचे काम शिकल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. 'धन्य' हा शब्द त्याच हातांनी खिळ्याला खिळा जुळवून उमटवला!

आपल्या घरच्या मंगलकार्यात अशी कुणी कोपऱ्यात उभी असेल, तर पहिले औक्षण तिच्या हातून होऊ द्यावे.